वर्गात उभं केलेली मुलं: वंशसंहार आणि शिक्षक

(वडपे, ता. भिवंडी येथे शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

शनिवारची सकाळची शाळा आटोपून, नाशिक हायवेवरच्या कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत तुम्ही सगळे इथे आलात. तेव्हा प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. विषय आहे, आज जगात घडणारे वंशसंहार आणि शिक्षकाचं काम. मी सुरुवात एका शिक्षकापासूनच करतो.

झाँ-पॉल अकायेसू. रवांडा हा आफ्रिकेतला लहानसा डोंगराळ देश, त्यातल्या ताबा नावाच्या भागातला हा माणूस. आधी शाळेत शिक्षक, मग शिक्षण खात्यात निरीक्षक, म्हणजे आपल्याकडचे विस्तार अधिकारी समजा. १९९३ साली तो ताब्याचा प्रशासकीय प्रमुख झाला. २ सप्टेंबर १९९८ रोजी टांझानियातल्या अरुशा शहरात, संयुक्त राष्ट्रांनी रवांडासाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाने त्याला वंशसंहाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या गुन्ह्याखाली दोषी ठरवलेला तो जगातला पहिला माणूस. म्हणजे बघा, आपल्या पेशाचं नाव या इतिहासात कुठे नोंदलं गेलंय!

त्याची हकिगत नीट सांगतो, कारण ती साध्या खलनायकाची नाही. ६ एप्रिल १९९४ ला रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाली. पहिले दहा-बारा दिवस अकायेसूने ताब्यात कत्तल होऊ दिली नाही. बाहेरून आलेल्या मारेकऱ्यांना त्याने अडवलं. १८ एप्रिलला हंगामी सरकारने स्थानिक प्रमुखांची बैठक घेतली, हा तिथे गेला, आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. दुसऱ्या दिवसापासून ताब्यात माणसं मरू लागली. लोक आसऱ्याला त्याच्या कार्यालयाच्या आवारात आले होते. तिथे बायकांवर बलात्कार झाले आणि तो बघत राहिला. त्याच्यावरच्या आरोपपत्रात एक कलम ताब्याच्या माध्यमिक शाळेतल्या पाच शिक्षकांच्या खुनाचं आहे. कोयते आणि शेतीची अवजारं वापरून, त्याच्या कार्यालयासमोर. एके काळी ज्यांच्या शाळा त्याने तपासल्या असतील, अशी ही माणसं.

सुमारे शंभर दिवसांत रवांडात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. इतक्या कमी वेळात इतकी माणसं मारायची तर शेजाऱ्याला शेजारी कोण हे आधीपासून पक्कं माहीत असावं लागतं. ते कसं माहीत होतं? एक तर बेल्जियन राजवटीत ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी हे छापायला सुरुवात झाली होती, आणि स्वातंत्र्यानंतरही ते तसंच राहिलं. दुसरं शाळेत. वाचलेल्यांच्या आठवणींत हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो: हजेरी घेताना शिक्षक म्हणायचे, हुतू मुलांनी उभं राहा. आता तुत्सी मुलांनी उभं राहा. कित्येक मुलांना आपण कोण हे त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं. घरी जाऊन आईला विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी उभं राहायचं. या शिक्षकांपैकी बहुतेकांनी पुढे हातात कोयता घेतला असं मी म्हणत नाही. त्यांनी फक्त तक्ता भरला.

आपल्याकडे असं काही नाही, असं कोणी मनात म्हणत असेल. प्रमाण वेगळं आहे, हे मान्य. पण १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच देशात झाला. अख्ख्या जमातीला जन्मतः चोर ठरवणारा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली. पण वर्गात कुणाचे पैसे हरवले की पहिलं दप्तर कोणाचं तपासलं जातं? पारध्याच्या पोराचं. कातकऱ्याच्या पोराचं. तुम्ही मला सांगायची गरज नाही, मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता शब्दाकडे येतो. मराठीत आपण नरसंहार, जनसंहार, हत्याकांड, कत्तल हे शब्द एकाच टोपलीत टाकतो. वर्तमानपत्रात तर मथळ्यात जो बसेल तो. मी 'वंशसंहार' वापरतो, कारण मूळ कल्पना तीच आहे. हा शब्द इंग्रजीत घडवला राफाएल लेमकिन या पोलंडच्या ज्यू वकिलाने, १९४४ साली. वंश किंवा जमात या अर्थाचा ग्रीक शब्द आणि मारणं या अर्थाचा लॅटिन प्रत्यय यांचा त्याने जोड केला. त्याच्या स्वतःच्या घरातली बहुतेक माणसं नाझींनी मारली होती. त्याचं म्हणणं असं की माणसं मोठ्या संख्येने मारणं हा एक गुन्हा, आणि एक समूह म्हणून त्यांना पृथ्वीवरून पुसण्याच्या हेतूने मारणं हा निराळा गुन्हा. संख्या दुय्यम, हेतू मुख्य.

यात भारताचा भाग आहे आणि तो आपण मुलांना कधी सांगत नाही. डिसेंबर १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच महासभेत वंशसंहाराला आंतरराष्ट्रीय गुन्हा मानावं असा ठराव तीन देशांनी मांडला: क्युबा, पनामा आणि भारत. स्वातंत्र्य अजून आठ महिने लांब होतं. आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. ठराव ११ डिसेंबरला एकमताने झाला. त्यातूनच ९ डिसेंबर १९४८ चा करार आला. त्यात पाच कृत्यं दिली आहेत: समूहातल्या माणसांना मारणं, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणं, समूह नष्ट व्हावा अशी जगण्याची परिस्थिती मुद्दाम लादणं, जन्म रोखणं, आणि मुलं काढून दुसऱ्या समूहाला देणं. यातलं काहीही राष्ट्रीय, वांशिक, जातीय वा धार्मिक समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलं तर तो वंशसंहार. तिसरं कृत्य फळ्यावर लिहून ठेवा. अन्न, पाणी, औषध तोडणं हेसुद्धा त्यात येतं. गोळी झाडावीच लागते असं नाही.

भारताने १९४९ मध्ये सही केली, १९५९ मध्ये करार मंजूर केला. पण देशांतर्गत कायदा? आजतागायत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या सज्जन कुमार खटल्याचा निकाल देताना ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखवली. ठराव मांडणाऱ्यांत पहिले, कायदा करण्यात मागे!

भिवंडीत उभं राहून हे बोलतोय, तर भिवंडीबद्दल बोलायलाच हवं. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाचा अहवाल आहे, जाडजूड आहे, आणि या तालुक्यातल्या प्रत्येक इतिहास शिक्षकाने तो चाळावा असं माझं मत आहे. पोलीस तपास कसा एका बाजूला झुकला याची त्यात आहे तितकी बारीक नोंद क्वचित सापडते. मग १९८४ ची दंगल. तुमच्यापैकी काहींच्या घरात त्या वर्षाच्या आठवणी असतील. तर या दंगलींना वंशसंहार म्हणायचं का? मी म्हणणार नाही. त्या भीषण होत्या, माणसं जिवंत जळाली, शासनाचं अपयश होतं. पण कराराची कसोटी लावली तर तो शब्द इथे बसवणं मला पटत नाही. शिक्षकाने एवढं तरी करावं, शब्द तोलून वापरावा. प्रत्येक दंगलीला वंशसंहार म्हटलं की खरा वंशसंहार समोर येतो तेव्हा आपल्याकडे शब्द उरत नाही. आणि उलटही होतं. ज्यांना तो लपवायचाय ते म्हणतात, दोन्हीकडचे भांडले, दंगल झाली.

भिवंडीचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून इथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांच्या शांतता कमिट्या नव्हेत. गल्लीतली साधी माणसं, दोन्ही धर्मांची, आणि त्या भागातला पोलीस, नियमित एकत्र बसलेली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपड्यांचं पुस्तकच आहे, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या समित्यांची सुरुवात बाबरी पडण्याच्या कितीतरी आधी झाली होती. घटना घडल्यावर केलेली जागृती आणि आधी केलेली जागृती यात हा फरक पडतो.

आपण शिक्षक मात्र सवयीने आधीचं सोडून नंतरचं शिकवतो. आपल्याकडे हिटलरवर वाचणारे खूप. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' कित्येक घरांत असतं, 'माझा लढा' रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर मिळतं. पोरांना गोबेल्स, रोमेल, पाणबुड्या सगळं पाठ. मारणाऱ्यांची नावं पाठ, मरणाऱ्यांची नाहीत. अ‍ॅन फ्रँकची डायरी मंगला निगुडकरांनी मराठीत आणली म्हणून एक तरी नाव आपल्याकडे आलं. आणि हिटलरच्या प्रचाराचा मुकुटमणी यूलिउस श्ट्राइशर, ज्यूंविरुद्ध विष ओकणारं साप्ताहिक चालवणारा, ज्याला १६ ऑक्टोबर १९४६ ला न्यूरेंबर्गमध्ये फाशी झाली, तो मुळात कोण होता? प्राथमिक शिक्षक.

पुरे झालं. आता दुसऱ्या प्रकारचे शिक्षक.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत होते, १९२४ ते १९३०. वसतिगृह त्यांच्याकडे होतं. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज, हाताने. पहाटे उठून देशातल्या, जगातल्या घडामोडी लिहायच्या आणि मुलं उठायच्या आत लावून ठेवायच्या. शाळेच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं. परीक्षेला येणार नव्हतं. गुरुजींच्या रडण्यावर आपण खूप बोलतो, पण या संपादकीय शिस्तीवर फारसं बोलत नाही. मला ती जास्त महत्त्वाची वाटते. आज घडतंय ते आज मुलांपुढे ठेवायचं, तेही स्वतः वाचून, निवडून, आपल्या अक्षरात.

आणि एक शिक्षक ढाक्यातला. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाका विद्यापीठावर हल्ला केला. जगन्नाथ हॉल हे प्रामुख्याने हिंदू विद्यार्थ्यांचं वसतिगृह. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गोविंदचंद्र देव मारले गेले, इंग्रजीचे ज्योतिर्मय गुहठाकुरता गोळी लागून काही दिवसांनी गेले. समोरच अभियांत्रिकी विद्यापीठातले विद्युत शाखेचे प्राध्यापक नूरुल उला राहत होते. सकाळी त्यांनी खिडकीतून पाहिलं की हॉलसमोरच्या मैदानात पोरांना प्रेतं वाहायला लावताहेत आणि मग त्याच पोरांना रांगेत उभं करून गोळ्या घालताहेत. त्यांच्याकडे व्हिडिओ कॅमेरा होता. त्यांनी तो खिडकीला लावला. सैनिकांना दिसला असता तर घरातलं कोणी वाचलं नसतं. ते चित्रण आज पुरावा म्हणून शिल्लक आहे.

जगाला ही बातमी मोठ्या आवाजात कळली ती मात्र एका पत्रकारामुळे, आणि तो जन्माने आपल्या बेळगावचा. अँथनी मास्करेन्हस, गोवेकर कॅथलिक कुटुंबातला, शिकला कराचीत, तिथल्याच 'मॉर्निंग न्यूज'मध्ये नोकरीला. एप्रिल १९७१ मध्ये लष्कराने काही पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवलं. अपेक्षा ही की सगळं ठीक आहे असं लिहा. बाकीच्यांनी तसं लिहिलं. याने पाहिलेलं लिहायचं ठरवलं, पण पाकिस्तानात राहून ते छापणं अशक्य. आधी लंडनला जाऊन 'संडे टाइम्स'शी बोलणी केली, परत आला, बायको-पोरांना बाहेर काढलं, मग स्वतः अफगाणिस्तानच्या वाटेने निसटला. १३ जून १९७१ ला लेख छापला गेला. मथळा एकच शब्द: वंशसंहार. त्या शब्दाची किंमत त्याने घर, नोकरी आणि देश अशी मोजली. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहेत. निर्वासितांच्या आकड्यावर फारसे नाहीत: सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. आपल्यापैकी जे तेव्हा मोठे होते त्यांना पत्रावर लावायचं पाच पैशांचं शरणार्थी सहायता तिकीट आठवत असेल. वर्गात दाखवायला त्याहून चांगली वस्तू नाही. एखाद्या आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या पाकिटावर नक्की सापडेल.

आता आजचं. इथे आपल्याला अवघड जातं, कारण आजच्यावर पुस्तक नसतं, मोबाईल असतो.

म्यानमारमधले रोहिंग्या. १९८२ च्या कायद्याने त्यांचं नागरिकत्व गेलं. २५ ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त माणसं सीमा ओलांडून बांगलादेशात गेली. द्वेष पसरला कशावरून? फेसबुकवरून. कंपनीने स्वतःच २०१८ मध्ये मान्य केलं की आम्ही पुरेसं काही केलं नाही. पुढे गंमत बघा. मे २०१८ मध्ये गाम्बिया या आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाचे न्यायमंत्री अबुबकर तांबादू कॉक्स बाजारच्या छावणीत गेले. हे गृहस्थ आधी रवांडाच्या न्यायाधिकरणात सरकारी पक्षाचे वकील होते. निर्वासितांच्या हकिगती ऐकल्या आणि त्यांना रवांडा ओळखू आलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये गाम्बियाने म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. रोहिंग्यांना भारतात राहू द्यावं की नाही, हा आपल्याकडचा राजकीय वाद तुम्हाला माहीत आहे. वर्गात तो निघणारच. तेव्हा एवढंच करा, त्यांच्यावर तिकडे काय झालं हा प्रश्न आधी घ्या आणि स्वतंत्र घ्या.

गाझा. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली, ओलीस नेले. त्यानंतर इस्रायलने गाझात जे केलं त्यावरून दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये हेगला दावा लावला. २६ जानेवारी २०२४ ला, आपल्या प्रजासत्ताक दिनी, न्यायालयाने अंतरिम आदेश दिले. आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी बहुमतात होते. वंशसंहार झाला असं त्या दिवशी न्यायालय म्हणालं नाही. पॅलेस्टिनींच्या संरक्षणाचा हक्क ग्राह्य वाटतो आणि धोका खरा आहे, असं म्हणालं. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मात्र वंशसंहार होत आहे असा निष्कर्ष काढला, इस्रायलने तो फेटाळला. त्या आयोगाच्या अध्यक्षा होत्या नवी पिल्लै, डरबनच्या तमिळ बसचालकाची मुलगी. अकायेसूला दोषी ठरवणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एक त्याच! मुलांना ही साखळी सांगा. कोण म्हणालं, कधी म्हणालं, कोणत्या अधिकाराने म्हणालं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पन्नास व्हिडिओंपेक्षा ती जास्त कामाची आहे.

सुदानच्या दारफुरबद्दल तर आपल्या वर्तमानपत्रांत ओळही सापडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तिथल्या निमलष्करी टोळ्यांनी वंशसंहार केल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अल-फाशर शहर त्यांच्या हाती पडलं. आठवीच्या मुलाला नकाशात सुदान दाखवता येतो का, एवढंच उद्या विचारून बघा.

'कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबावं ना सर?' हा प्रश्न नेहमी येतो. नाही. करारात शिक्षेच्या आधी 'प्रतिबंध' हा शब्द आहे. बोस्नियाच्या खटल्यात २००७ साली हेगच्याच न्यायालयाने सांगितलं की गंभीर धोका कळतो, किंवा कळायला हवा होता, त्या क्षणी राज्याची जबाबदारी सुरू होते. निकाल लागला तोवर स्रेब्रेनिकातल्या सात हजारांवर पुरुषांना आणि मुलांना मारून बारा वर्षं होत आली होती. वर्गात 'आरोप आहे', 'खटला चालू आहे', 'सिद्ध झालं' हे तीन शब्दप्रयोग वेगवेगळे ठेवले की आजचं आजच सांगता येतं.

एक चिठ्ठी आली आहे: 'मुलांना फोटो दाखवावेत का?' इथल्या गोदामांमुळे तुमच्या वर्गांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगाल, सगळीकडची मुलं आहेत, सगळ्या धर्मांची आहेत, आणि फोटो त्यांनी तुमच्या आधी पाहिलेत. तुम्ही आणखी दाखवू नका. त्यातलं एखादं मूल असंही असेल की घरात त्याने यातलं काही ऐकलंय, भोगलंय. त्याला सगळ्यांसमोर 'तू सांग तुमच्या लोकांचं' म्हणून उभं करू नका. ते रवांडाच्या हजेरीसारखंच होतं, हेतू कितीही चांगला असो.

मी काय करतो ते सांगतो. मी इराकमधल्या कोचो गावाच्या शाळेबद्दल सांगतो. यझिदी लोकांचं गाव. १५ ऑगस्ट २०१४ ला इसिसने सगळ्या गावाला शाळेत जमायला सांगितलं. बायका-मुलं वरच्या मजल्यावर, पुरुष खाली. पुरुषांना गाडीत घालून गावाबाहेर नेलं आणि मारलं. बायका-मुलींना गुलाम म्हणून विकलं. त्यातली एक मुलगी, नादिया मुराद, त्याच शाळेत शिकलेली, शिक्षिका व्हायची इच्छा असलेली, निसटली. २०१८ साली तिला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या कोर्टाने एका इसिसवाल्याला यझिदींच्या वंशसंहारासाठी दोषी ठरवलं. त्याने पाच वर्षांच्या एका यझिदी मुलीला उन्हात साखळीने बांधून तहानेने मरू दिलं होतं.

एवढं सांगून मी थांबतो आणि मुलांना विचारतो, शाळाच का निवडली असेल? मुलं पटकन बोलत नाहीत. मग एखादं म्हणतं, सर, कारण ती गावातली सगळ्यात मोठी जागा. दुसरं म्हणतं, सर, कारण तिथे बोलावलं तर कोणी घाबरत नाही.